म्यूटचं बटण आहे, पण घरातल्या बाकीच्यांचं काय?

काहीजण म्हणतात की प्रायव्हसीची एवढी काळजी असेल तर स्मार्ट स्पीकरचा (अ‍ॅलेक्सासारखा, आपला आवाज ऐकून काम करणारा स्पीकर) माइक म्यूट करा, बटण दिलंय की, डिझाइनला कशाला दोष द्यायचा. अजिबात पटलं नाही. मिशिगन युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०१८ मध्ये यावरच अभ्यास केला होता, स्पीकर वापरणारे १७ आणि न वापरणारे १७ जण, आणि त्यात दिसलं की ही बटणं-सेटिंग्ज लोक क्वचितच वापरतात. साहजिकच आहे, वस्तू घेतलीच हात न लावता काम व्हावं म्हणून, आणि म्यूट केली की परत चालू करायला कणकेच्या हाताने उठून तिथपर्यंत जायचं! काहींचा तर त्या बटणावर विश्वासच नव्हता, ते सरळ प्लग काढायचे.

मला त्याहून खटकलं ते ऑडिओ लॉगचं, म्हणजे स्पीकरने साठवलेल्या आपल्या बोलण्याच्या नोंदींचं. आपलं रेकॉर्डिंग आपल्याला ऐकता यावं, डिलीट करता यावं म्हणून ही सोय, पण प्रायव्हसीसाठी ती फारशी कोणी वापरत नव्हतं, उलट घरातली मुलं नाहीतर पाहुणे काय बोलले ते तपासायला काहीजण वापरत होते. म्हणजे अकाउंट ज्याच्या नावावर, सगळा कंट्रोल त्याच्याकडे. आपल्याकडे तर सासू-सासरे, पोरं, स्वयंपाकाच्या मावशी सगळ्यांचा वावर त्याच खोलीत, आमच्या मावशी पोळ्या लाटताना फोन स्पीकरवर टाकून लेकीशी घरचं सगळं बोलतात, त्यांना ही रेकॉर्डिंग्ज बघायचं अ‍ॅप कोण दाखवणार? कंपनीने स्पीकरच्या टेस्टिंगला फक्त विकत घेणाऱ्यांना बोलावलं तर हे प्रश्न तिच्यापर्यंत पोचणारच नाहीत.