'जीव घाबरणे' म्हणजे धडधड की भीती?

पाणवठा: आरोग्यविषयक लेखाचं भाषांतर करतेय. हृदय आकुंचन पावून रक्त बाहेर ढकलतं, त्या क्षणी दाखवलेला भेदरलेला चेहरा जास्त भेदरलेला वाटतो. प्रसरणाच्या वेळी तेवढा नाही. गारफिंकेल, क्रिचली आदी संशोधकांचा २०१४ चा प्रयोग. 'ज्यांना आपली धडधड जाणवते' असं मी लिहिलं, संपादकांनी 'ज्यांचा जीव घाबरतो' केलं. यात भीती आधीच येत नाही का? शिवाय इंटरोसेप्शनला, म्हणजे शरीराच्या आत काय चाललंय ते जाणवण्याच्या क्षमतेला, काय म्हणू? 'अंतःसंवेदन' चालेल?

माळरान: आमची आजी उन्हातून आली की पदराने वारा घेत म्हणायची, "जीव घाबरा झाला गं." भीतीचा संबंधच नाही. संपादक बरोबर आहेत.

शमी: घाबरं होणं वेगळं, घाबरणं वेगळं. दोन्ही 'घरघर'वरून आले असावेत असं मला नेहमी वाटतं.

कोशवेडा: ध्वनिसाम्यावरून व्युत्पत्ती लावू नका हो. आणि 'अंतःसंवेदन'च हवं. त्यात भूक, लघवीची जाणीव, श्वास सगळं येतं. 'धडधड' फक्त छातीपुरती.

माळरान: हवं कुणाला? वाचणाऱ्याला पोटात गोळा येणं, ऊर दडपणं, धस्स होणं लगेच कळतं. आपली भाषा भावना अंगावरच दाखवते, ती पुसून संस्कृत कशाला लादायचं?

कोशवेडा: ती भावनेची वर्णनं झाली. पाणवठा यांना त्या क्षमतेचं नाव हवंय. नाव नसेल तर त्याबद्दल शास्त्र मराठीत लिहिताच येणार नाही.

नाडी: मी डॉक्टर आहे. 'काळजाचा ठोका चुकला' म्हणतात तेव्हा पुष्कळदा एक ठोका वेळेआधी पडलेला असतो. मग थोडा खंड, आणि पुढचा ठोका जोरात. तो जाणवतो. रुग्ण 'धस्स झालं' म्हणतात, ते मला अगदी नेमकं वाटतं.

पाणवठा: आभार. लेखात श्वासही आहे. २०१६ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात दिसलं की नाकाने श्वास आत घेताना भेदरलेले चेहरे लवकर ओळखता येतात. तोंडाने घेतला तर तो फरक उरत नाही. बाहेर सोडतानाच्या श्वासाला 'निःश्वास' लिहू?

शमी: नको! निःश्वास सुटकेचा. तिथे 'उच्छ्वास' लिहा.

माळरान: उच्छ्वासाचाच 'उसासा' झाला ना? तो तर दुःखाचा.

कोशवेडा: तद्भवाला नवा अर्थ चिकटला म्हणून मूळ शब्द सोडायचा का? शाळेत सगळे श्वास-उच्छ्वासच शिकलो.

शमी: मग सुस्कारा कुठल्या खात्यात घालायचा? आमच्याकडे तो दमल्यावरही टाकतात, सुटल्यावरही.