फिनिश भाषेतलं 'जवळ' आणि 'जवळचे' : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. फिनलंडमध्ये राहणारं किंवा फिनिश शिकलेलं कुणी आहे का इथे? नागरिकत्वासाठी युकी (YKI) या भाषेच्या परीक्षेची मधली पातळी द्यायची आहे. कुटुंब, मित्रमंडळी यांवर बोलायचं म्हटलं की मी अडखळते.

जागेचं 'जवळ' बऱ्यापैकी बसलंय. लॅहेल्लॅ म्हणजे जवळ, लॅहेल्तॅ म्हणजे जवळून, आणि जवळ जायचं असेल तर लॅहेल्ले. 'आसेमान लॅहेल्लॅ' तर सरळ आपलं 'स्टेशनाजवळ', नामाचं रूप बदला आणि पुढे शब्द लावा. पण लोक 'लॅहेल्लॅ आसेमाआ' असंही म्हणतात, शब्द आधी आणि नाम पार्टिटिव्ह नावाच्या विभक्तीत. दोन्हींत खरंच काही फरक आहे का, की जीभ वळेल तसं?

दुसरं, लुओना. आपण 'आजीजवळ वाढला' म्हणतो तिथे लॅहेल्लॅ चालत नाही, लुओनाच लागतं, हे कळलं. म्हणजे ते आपल्या 'कडे'च्या जवळ जातं. ऑफिस, दुकान अशा ठिकाणांना लुओना कधीच नाही ना?

नात्यांचे शब्द पाठ आहेत. मामा म्हणजे एनो (हो, पोटात गॅस झाल्यावर घेतो त्या 'ईनो'चंच स्पेलिंग, उच्चार मात्र वेगळा!), काका म्हणजे सेतॅ, आत्या आणि मावशी मात्र दोघी तॅती. अविओपुओलिसो म्हणजे लग्नाचा जोडीदार आणि अवोपुओलिसो म्हणजे लग्नाशिवाय एकत्र राहणारा. एका 'इ'चा फरक! फॉर्म भरताना जपून.

खरी अडचण पुढे आहे. तुत्तू म्हणजे ओळखीचा, कवेरी म्हणजे दोस्त, उस्तॅवॅ म्हणजे जिवाभावाचा, असं पुस्तकात आहे. पण सहकाऱ्यालाही 'कामाचा कवेरी' म्हणतात, मग कवेरी किती जवळचा? रोज एकत्र जेवणाऱ्या बाईला मी उस्तॅवॅ म्हटलं तर तिला ते अंगावर आल्यासारखं वाटेल का? आणि लॅहेइनेन (जवळचं माणूस) यात मैत्रीण धरतात की फक्त ओमाइनेन, म्हणजे नातेवाईक?

शेजारी सत्तरीच्या एक आजी आहेत. लहान मुलं परक्या बाईला तॅती म्हणतात, पण मी मोठ्या बाईने म्हणणं विचित्र दिसेल ना? नुसत्या नावाने हाक मारायला जीभ रेटत नाही. तिथे राहणारे काय करता? उदाहरणाची वाक्यं दिलीत तर फार बरं होईल.