भाड्याचं घर, घरातला व्यायाम आणि खालचे काका: आपापले अनुभव लिहा

रानजाई

काल भाच्याने बाणेरहून त्यांच्या सोसायटीच्या नोटिशीचा फोटो पाठवला. 'भाडेकरूंनी सकाळी ७ च्या आत व रात्री ९ नंतर सदनिकेत दोरीउड्या, वजने उचलणे इ. प्रकार करू नयेत, अन्यथा मालकास कळविण्यात येईल.' भाडेकरूंनी! मालक लोक उडी मारून अलगद तरंगत खाली येत असावेत.

ते वाचलं आणि वाकडचा फ्लॅट आठवला. २०२० च्या मार्चमध्ये जिम बंद झाल्या त्या आपल्याकडे थेट दसऱ्याला उघडल्या. मधल्या काळात मी आणि नवरा हॉलमधला टीपॉय भिंतीला लावून, मोबाइल टीव्हीला टेकवून, त्यातली बाई सांगेल तशा उड्या मारायचो. वेळ संध्याकाळी साडेसहाची, म्हणजे अगदी अवेळही नाही. खाली एक निवृत्त काका. सुरुवातीला काही नाही, मग एक दिवस खालून ठक्. आम्ही थांबलो की शांत, उडी मारली की ठक्. झाडूच्या दांड्याने छत ठोकत होते. नवरा म्हणाला, काकांचाच व्यायाम जास्त होतोय.

तोंडावर भांडण कधी झालंच नाही. जिन्यात भेटले की "काय, बरंय ना?" आणि घरात शिरले की चेअरमनला फोन. चेअरमनचा मालकाला, मालकाचा नागपूरहून मला. "मॅडम, तुम्ही घरात क्लास काढलाय म्हणे. फी वगैरे घेता का?" पुढच्या अकरा महिन्यांच्या करारात एक ओळ वाढली: 'जागेचा वापर व्यायामशाळा म्हणून करता येणार नाही.' दोन डंबेल्स आणि एक चटई, ही आमची व्यायामशाळा.

वर राहणारे, खाली राहणारे, मालक, कमिटीवाले, सगळ्यांनी लिहा.

तळमजला_सुखी

मी तळमजल्यावर राहतो. खाली फक्त पाण्याची टाकी. काय वाट्टेल ते करा, टाकी तक्रार करत नाही.

रानजाई

डास मोजा मग :)

डोंबिवली_फास्ट

मी खालचा. म्हणजे तुमच्या गोष्टीतला काका समजा, वय ३४.

वरच्यांकडे ट्रेडमिल आहे आणि ती बरोब्बर माझ्या पलंगाच्या डोक्यावर. पहाटे पाचला सुरू. माझी दुसरी शिफ्ट, मी रात्री एकला घरी येतो. लोकांना वाटतं मोटरचा घूं आवाज येत असेल. तो येतच नाही. येतो तो पावलांचा, धब धब धब धब, आणि पंख्याच्या वरची ती प्लास्टिकची वाटी असते ना, ती त्या तालावर खुळखुळते. वाटीत कागद कोंबला, मग पंख्याचा दांडाच किरकिरायला लागला.

वर गेलो तर माणूस इतका सज्जन की भांडताही येईना. चहा पाजला. "अहो, आम्हाला तर काहीच आवाज येत नाही!" मी म्हटलं, तुम्हाला कसा येईल, तुम्ही वर आहात. शेवटी त्याच्या बायकोला आमच्याकडे बोलावलं आणि त्याला वर पळायला सांगितलं. ती माउली पलंगावर बसली, वर बघितलं, आणि नवऱ्याला फोन लावून एकच वाक्य: "बंद करा ते आधी." ट्रेडमिल आता त्यांच्या बाल्कनीत असते. दोघंही भाडेकरू म्हणून हे जमलं असं माझं मत आहे. एक जण जरी मालक असता तरी मीटिंग लागली असती.

मोगरा_७७

>> "बंद करा ते आधी."

हाहाहा, ताईंना दंडवत

सिमेंट_वाळू_खडी

सिव्हिलवाला आहे म्हणून थोडं पाजळतो. बोलणं, टीव्ही, गाणी हा हवेतून येणारा आवाज. भिंत आणि स्लॅब तो बऱ्यापैकी अडवतात. उडी, वजन टाकणं, टाचा आपटत चालणं याचं तसं नाही. तो दणका थेट काँक्रीटमध्ये शिरतो आणि खालच्याच्या खोलीत बाहेर पडतो. आपल्या इमारतीत साधारण पाच इंचांचा स्लॅब, वर मसाला, वर टाइल. मध्ये मऊ असं काहीच नाही. स्लॅब म्हणजे ढोलाचं पान झालं, मधोमध मारलं की जास्त घुमणार. म्हणून हॉलच्या मध्यावर नाचू नका. कॉलमजवळचा कोपरा किंवा बीमच्या लगतची जागा धरा, फरक पडतो.

आणि योगा मॅट हा उपाय नाही! ती पाय सरकू नये म्हणून असते, पाच-सहा मिलिमीटरची. जिममध्ये काळ्या रबरी लाद्या असतात, १५-२० मिलिमीटरच्या, त्या घ्या. वजन ठेवल्याचा खणखणाट त्याने जातो. उडीचा खालचा 'धब' मात्र पूर्ण जात नाही, खोटं कशाला सांगू.

ती सगळी काँक्रीटच्याच भिंतींची नवी टॉवर्स असतात तिथे तर आवाज आडवाही जातो. वरच्याला शिव्या घालण्याआधी शेजारच्याकडे डोकावून या. बऱ्याचदा चोर तिकडे असतो.

मोगरा_७७

कायदा काय म्हणतो पण? पोलिसात जाता येतं का

सिमेंट_वाळू_खडी

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि रात्र म्हणजे १० ते ६. आता गंमत बघा, डोंबिवलीकरांचे वरचे पाचला पळतात म्हणजे तशी रात्रच. पण ते आकडे परिसरातल्या सरासरी आवाजाचे. उडीचा दणका अर्ध्या सेकंदाचा, सरासरीत विरघळून जातो. माणूस जागा होतो आणि मीटर झोपलेलं राहतं.

खिडकीतली_मनी

आमच्या इथे एकाने ११२ लावला होता. दोन पोलीस आले, वर गेले, दार उघडलं तर पासष्टीच्या आजी सूर्यनमस्कार घालत होत्या. पोलीस प्रसाद खाऊन परत.

पेठेतून_बाहेर

मला जरा वेगळं लिहायचंय.

कोथरूडला आम्ही चौघी भाड्याने राहायचो, सगळ्या नोकरीवाल्या. सकाळी सात ते साडेसात झुंबा. खालच्या काकूंची तक्रार आली, रीतसर लेखी. ठीक आहे म्हटलं, उड्या बंद केल्या, नुसता योगा. तरी तक्रार. एक महिना सुट्टीत दोघी घरी गेल्या होत्या, एक रात्रपाळीला, मी एकटी आणि मी तर व्यायामच करत नाही. तरी तक्रार!! मग वॉचमनकाकांनी हळूच सांगितलं, "ताई, आवाजाचं नाय ते. तुम्ही अर्ध्या चड्डीत कचरा टाकायला येता ना खाली, त्याचं हाय."

काकूंच्या शेजारच्या (मालक!) घरातून रोज सकाळी मिक्सर, आठवड्यातून दोनदा खलबत्ता, गणपतीत दहा दिवस टाळ. त्यावर चकार शब्द नाही. भाडेकरू सभासद नसतो, सभेत उभं राहून बोलू शकत नाही, आणि मुली असल्या की सगळ्यांच्याच बाबा-काकांना फोन करायला मोकळे. माझ्या वडिलांना लातूरला फोन गेला होता. सव्वीस वर्षांची होते मी. वडील म्हणाले, "व्यायाम करते ना? मग चांगलं आहे की." फोन ठेवला.

व्यायामाच्या आवाजाची प्रत्येक तक्रार आवाजाची नसते.

रानजाई

बाबा भारी आहेत तुझे

डोंबिवली_फास्ट

माझी आवाजाचीच होती हं. चड्डीबद्दल काही म्हणणं नाही.

पेठेतून_बाहेर

तुम्हाला माफ :)

ठाण्याचा_मालक

इथे मालकांना बरंच बोलून झालंय तर दोन शब्द. माझा एक फ्लॅट भाड्याने आहे. मी स्वतः तिथे राहत नाही म्हणून सोसायटी माझ्याकडून बिनभोगवटा शुल्क घेते, सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच घेता येतं पण घेतात. वर दर तक्रारीला फोन मलाच. भाडेकरू मुलगा गुणी, भाडं वेळेवर, फक्त रात्री अकराला बारबेल खाली ठेवतो. 'ठेवतो' हा त्याचा शब्द. खालच्यांनी पाठवलेलं रेकॉर्डिंग ऐकलं तर कपाट पडल्यासारखं वाटतं.

मी काय करू? काढून टाकला तर दोन महिने घर रिकामं आणि एजंटला पुन्हा एक भाडं. शेवटी मीच रबरी लाद्या घेऊन दिल्या. आता तो अकराऐवजी साडेदहाला ठेवतो.

सिमेंट_वाळू_खडी

बारबेल टाकायचंच नसतं, आवाज दूर राहिला, टाइल फुटेल तुमची

ठाण्याचा_मालक

फुटलीय. डिपॉझिटमधून कापणार.

घुंगरू_पायात

कथक चालेल का इथे? तोही व्यायामच. ठाणे, तिसरा मजला, भाड्याचं. तत्कार (पायांचे बोल) सपाट पायाने, त्यामुळे खालच्यांना घुंगरांपेक्षा तळवेच जास्त ऐकू जायचे. खालच्या आजींनी बोलावून घेतलं. मी घाबरत गेले. म्हणाल्या, "तुझी चौथ्या आवर्तनात लय वाढते." तरुणपणी शिकलेल्या होत्या. त्यानंतर परीक्षेपर्यंत मी वर आणि आजी खालून. लय चुकली की फोन.

मोगरा_७७

अय्या!!! कोणती परीक्षा? माझी लेक मध्यमाला बसतेय, तोंडीला काय विचारतात गं

घुंगरू_पायात

विशारद होती. मध्यमाचं व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते, ठेक्यांची लिपी पक्की करून घे तिच्याकडून

श्टुटगार्टचा_पाहुणा

जर्मनीतून हजेरी. इथे रात्री दहा ते सहा शांतता, आणि रविवारी दिवसभर. रविवारी ड्रिल लावायचं नाही, काचेच्या बाटल्या त्या मोठ्या डब्यात टाकायच्या नाहीत. जिन्यात इमारतीची नियमावली लावलेली असते, आमच्या इमारतीत तर दुपारी एक ते तीनही गप्प.

मी शनिवारी सकाळी दोरीउड्या मारायचो. खालच्या बाई काहीच बोलल्या नाहीत. जिन्यात गुड मॉर्निंग, ख्रिसमसला बिस्किटं. मग घरमालकाचं पत्र, सोबत बाईंनी ठेवलेली नोंदवही: तारीख, सुरू, बंद, आवाजाचं वर्णन. माझ्याकडे नसेल इतकी माझ्या व्यायामाची नीट नोंद. इथे अशा नोंदी दाखवून भाडेकरू भाड्यात कपात मागू शकतो, म्हणून मालक ताबडतोब हलतो. आपल्याकडे खालचा भाडेकरू भाडं कमी मागायला गेला तर काय ऐकेल? "नसेल जमत तर सोडा, घ्यायला दहा जण उभेत."

आता मी बाहेर पळतो. उणे तीनमध्ये. नाकातलं पाणी गोठतं.

गिरगावचा_जुना

फ्लॅटवाले फारच नाजूक. आमची चाळ लाकडी जमिनीची, सगळे पागडीवाले भाडेकरू. वरच्या खोलीत पहाटे दोघे भाऊ जोर-बैठका मारायचे. फळ्यांच्या फटीतून माती खाली पडायची, नेमकी आईच्या चहाच्या आधणात. आईने भांडण केलं नाही, चहाच्या पातेल्यावर ताट ठेवायला लागली. आणि एक दिवस न सांगता तेवढ्याच फटीत वर्तमानपत्राची खळ लावून टाकली वडिलांनी. पुढे मोठ्या भावाचं लग्न ठरलं आणि जोर बंद पडले ते पडलेच. चाळ पुनर्विकासाला गेली. आता बावीसाव्या मजल्यावर राहतो, वर कोण आहे नावसुद्धा माहीत नाही.

तळमजला_सुखी

आजोबा, पुनर्विकासात चटई किती मिळाली? (क्षेत्र विचारतोय, योगाची नाही)

गिरगावचा_जुना

आजोबा कोणाला म्हणतोस रे. ते वेगळ्या धाग्यावर, इथे सुरू केलं तर रात्र जाईल.

पायाखालची_फिजिओ

दवाखान्यातून पटकन लिहितेय. उडी न मारताही दम लागतो हो! बर्पीत मागे उडी घ्यायच्या ऐवजी एकेक पाय मागे न्या. सूर्यनमस्कारात पाय उडवू नका, टाका. बैठका सावकाश, खाली जाताना चार आकडे मोजून, बघा मांड्या कशा भरतात. रबरी पट्ट्यांना तर आवाजच नाही. अनवाणी टाचेवर आपटू नका, खालच्यांसाठी नाही तर गुडघ्यांसाठी. माझ्याकडे लॉकडाउननंतर टाइलवर उड्या मारून आलेल्या टाचा पुष्कळ आल्या.

पेशंट आला, बाकी नंतर.

खिडकीतली_मनी

फिजिओताई, टाचेला सकाळी उठल्यावर कळ येते, दिवसभर बरी असते. तेच का हे?

मोगरा_७७

मनी, चप्पल बदलून बघ घरातली आधी. मला मऊ चपलेने उतार पडला

पेठेतून_बाहेर

कुणाला रबरी लाद्या स्वस्तात मिळाल्यात का पुण्यात? ऑनलाइन वासाच्या तक्रारी आहेत खूप

ठाण्याचा_मालक

वास पहिले पंधरा दिवस येतो, गच्चीत टाकून ठेवा. गच्चीसाठी सोसायटीची परवानगी लागेल ते वेगळं.

डोंबिवली_फास्ट

वरच्यांना ती ट्रेडमिल विकायचीच आहे. चालू स्थितीत. बाल्कनीत असल्यामुळे एका बाजूला थोडा गंज आणि हँडलवर टॉवेल वाळत घातल्याच्या खुणा. कोणाला हवी असेल तर व्यनि करा. लिफ्टमध्ये मावत नाही, चार माणसं लागतील.

तळमजला_सुखी

तळमजल्याला लिफ्ट लागत नाही. केवढ्याला देतायत?

डोंबिवली_फास्ट

विचारून सांगतो, पण आत्ता पळतायत बहुतेक, वाटी हलतेय.

तळमजला_सुखी

म्हणजे चालू स्थितीत आहे हे नक्की.