मदत हवी आहे: पानात लावलेले व्हिडिओ लागत नाहीत, यूट्यूबवर मात्र नीट चालतात

नमस्कार मंडळी,

कुडाळ तालुक्यातल्या आमच्या गावच्या जत्रेत होणाऱ्या दशावतारी नाटकांची चित्रणं आम्ही काही जण मिळून एका संकेतस्थळावर ठेवतो. २००९ पासूनची आहेत. व्हिडिओ यूट्यूबवर चढवायचा आणि नाटकाची माहिती लिहून त्याच पानात प्लेयर लावायचा, ही पद्धत. आख्यान कोणतं, पेटीवर कोण, पखवाजावर कोण, संकासूर कोणी केला, हे सगळं त्या पानावरच असतं. म्हणून नुसती यूट्यूबची लिंक देऊन भागत नाही. त्यातले काही कलाकार आता हयात नाहीत आणि त्यांच्या घरची माणसं ही पानं उघडून बघतात.

गेले काही महिने मुंबईहून, पुण्याहून तक्रारी येतायत की व्हिडिओ लागत नाही. खोलात गेल्यावर दिसलं की प्रत्येकाचं ‘लागत नाही’ वेगळं आहे:

जुन्या पानांवर (साधारण २०१२ पर्यंतच्या) प्लेयरच्या जागी नुसती मोकळी चौकट दिसते. कोणत्याही ब्राउझरमध्ये तेच.

त्यानंतरच्या पानांवर प्लेयर येतो, पण काळ्या चौकटीत ‘एरर १५३, व्हिडिओ प्लेयर कॉन्फिगरेशन एरर’ असं लिहून येतं. तिथेच ‘यूट्यूबवर पाहा’ दाबलं की तोच व्हिडिओ तिकडे व्यवस्थित चालतो. संकेतस्थळ नव्या सर्व्हरवर हलवून सुरक्षेसाठी एक प्लगइन टाकलं, त्यानंतर हे सुरू झालं.

गेल्या हंगामातल्या काही फिती यूट्यूबवर न टाकता फोनमधली एमपी४ फाईल थेट पानात लावली आहे. काही संगणकांवर त्यांचा आवाज येतो, चित्र येत नाही. मोबाईलवर बरोबर दिसतं.

शिवाय एका काकांकडे विंडोज ७चा जुना संगणक आहे. तिथे व्हिडिओ सुरू होतो, पण अडखळत चालतो आणि पंखा जोरात फिरायला लागतो.

कॅशे आणि कुकीज साफ करणं, इन्कॉग्निटो खिडकी, दुसरा ब्राउझर हे सगळं झालं आहे. फरक नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद

अ‍ॅडब्लॉकर बंद करून पाहिलात का? माझ्याकडे एका बातम्यांच्या साइटवर तेच कारण निघालं होतं.

धागाकर्ता

हो, पाहिलं. एक्स्टेन्शन नसलेल्या कोऱ्या प्रोफाइलमध्येही तेच.

प्रतिसाद

लक्षणं वेगळी करून लिहिलीत हे फार बरं केलंत, कारण ही चार वेगळी दुखणी आहेत. एकच उपाय सगळ्यांना लावत बसलात तर काहीच हाती लागणार नाही.

मोकळी चौकट: त्या पानाचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, उघडून बघा. ‘ऑब्जेक्ट’ किंवा ‘एम्बेड’ हा टॅग असेल तर तो फ्लॅशच्या (ब्राउझरमध्ये व्हिडिओ चालवणाऱ्या अडोबीच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या) काळातला कोड आहे. अडोबीने फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० ला थांबवला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेयरच फ्लॅश चालवायला नकार देऊ लागला. त्याच महिन्यात क्रोम ८८ आणि फायरफॉक्स ८५ मधून फ्लॅश काढून टाकलं गेलं. त्यामुळे बघणाऱ्याने ब्राउझरचं कोणतंही सेटिंग बदललं तरी ती चौकट भरणार नाही. ‘फ्लॅश अपडेट करा’ म्हणून कुठे बटण दिसलं तर ते दाबू नका, आणि तुमच्या वाचकांनाही हे आवर्जून सांगा. त्या नावाखाली व्हायरस पसरवणारे आजही आहेत.

चांगली गोष्ट ही की व्हिडिओ यूट्यूबकडे शाबूत आहे. जुन्या कोडमधल्या पत्त्यात ‘व्ही’ आणि तिरक्या रेघेच्या पुढे ११ अक्षरांची ओळख असते. तेवढी उचला, यूट्यूबच्या ‘शेअर’मधून मिळणाऱ्या आताच्या आयफ्रेम कोडमध्ये (पानात दुसऱ्या साइटची चौकट बसवणाऱ्या कोडमध्ये) घाला, की काम झालं. अक्षरं लहान-मोठी जशी आहेत तशीच ठेवा. पत्ता एचटीटीपीएसनेच सुरू करा, कारण सुरक्षित पानात असुरक्षित पत्त्याची चौकट आली तर ब्राउझर ती अडवतो.

एरर १५३: माझा संशय तुमच्या नव्या प्लगइनवर आहे. आपण कोणत्या पानात बसलो आहोत हे यूट्यूबच्या प्लेयरला कळावं लागतं. ब्राउझर ते ‘रेफरर’ नावाच्या हेडरमधून कळवतो. सुरक्षेची काही प्लगइन्स ‘रेफरर पॉलिसी’ला ‘नो-रेफरर’ करून ठेवतात. मग प्लेयरला पत्ताच मिळत नाही आणि तो १५३ दाखवून थांबतो. यूट्यूबवर जाऊन पाहिलं तर चालतं, कारण तिथे चौकटीचा प्रश्नच नसतो. क्रोममध्ये एफ १२ दाबा, ‘नेटवर्क’मध्ये जाऊन पान पुन्हा लोड करा, सगळ्यात वरच्या ओळीवर क्लिक करून ‘रिस्पॉन्स हेडर्स’ वाचा. तिथे ‘नो-रेफरर’ दिसलं तर त्याजागी ‘स्ट्रिक्ट-ओरिजिन-व्हेन-क्रॉस-ओरिजिन’ करा. त्यात पानाचा पूर्ण पत्ता जात नाही, फक्त संकेतस्थळाचं नाव जातं. म्हणजे खासगीपणही राखलं जातं.

एक लक्षात ठेवा: १०१ किंवा १५० आला तर गोष्ट निराळी. तेव्हा व्हिडिओच्या मालकानेच तो दुसरीकडे लावायला मनाई केलेली असते. आणि पानाची फाईल स्वतःच्या संगणकावरून नुसती डबल-क्लिक करून उघडली तरी १५३ येऊ शकतो. कोड तपासायचा तर सर्व्हरवरच्या पानावर तपासा.

प्रतिसाद

आवाज येतो पण चित्र नाही, याबद्दल. ती फाईल आयफोनची किंवा अलीकडच्या एखाद्या अँड्रॉइडची असणार. असे फोन जागा वाचवण्यासाठी एचईव्हीसी म्हणजे एच.२६५ या चित्र दाबून साठवण्याच्या पद्धतीत चित्रण करतात. आयफोनमध्ये हे २०१७ मधल्या आयओएस ११ पासून आहे. फाईलच्या नावापुढे एमपी४ असलं तरी ते फक्त डबा कोणता ते सांगतं, आतलं चित्र कशात बांधलंय ते नाही. क्रोममध्ये एचईव्हीसी २०२२ मध्ये आलं, तेही संगणकाच्या ग्राफिक्स चिपला ते उलगडता येत असेल तरच. आवाज एएसी या वेगळ्या पद्धतीत असतो, तो सगळीकडे वाजतो. म्हणून पेटी-पखवाज ऐकू येतो आणि पडदा काळा.

हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, ‘फास्ट १०८०पी३०’ हा प्रीसेट निवडा, व्हिडिओ एच.२६४ (सगळीकडे चालणारी जुनी पद्धत) आहे ना ते बघा. ‘वेब ऑप्टिमाइझ्ड’वर खूण हवीच, नाहीतर कधी कधी बरीच फाईल उतरेपर्यंत पहिलं चित्र दिसत नाही. पुढच्या जत्रेआधी आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये ‘फॉरमॅट्स’खाली ‘मोस्ट कम्पॅटिबल’ करून ठेवा.

काकांच्या संगणकाचं: विंडोज ७ वर क्रोम १०९ च्या पुढे जात नाही. व्हिडिओवर राइट क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडा. कोडेकच्या (चित्र बांधण्याच्या पद्धतीच्या) ओळीत ‘व्हीपी०९’ किंवा ‘एव्ही०१’ असेल तर ते उलगडण्याचं सगळं ओझं जुन्या प्रोसेसरवर पडतंय. ‘ड्रॉप्ड फ्रेम्स’चा आकडा भराभर वाढताना दिसेल. दर्जा ४८०पी करा, किंवा यूट्यूबला एच.२६४ द्यायला लावणारं एक्स्टेन्शन टाका. काकांना नवा संगणक घ्यायला सांगण्याआधी एवढं करून बघाच.

धागाकर्ता

मनापासून आभार. ‘नो-रेफरर’ खरोखरच होतं. ते बदललं आणि सगळ्या पानांवरचा १५३ एकदम गेला. ठाण्याच्या एका वाचकाकडे मात्र तो राहिला. त्यांच्या फायरफॉक्समध्ये खासगीपणासाठी टाकलेलं एक्स्टेन्शन रेफरर कापत होतं. आमच्या संकेतस्थळापुरती त्याला सूट दिल्यावर तिथेही व्हिडिओ लागला. पुढे कोणाला हा त्रास झाला तर दोन्ही बाजू तपासा.

हँडब्रेकमधून काढलेली फाईल ऑफिसच्या संगणकावरही दिसते. काकांकडे ४८०पीवर नाटक न अडखळता चालतं.

जुन्या पानांचे कोड बदलणं सुरू आहे, वेळ लागेल. त्यात एक नवी अडचण आली. काही नाटकं ज्या खात्यावरून चढवली होती ते खातंच बंद झालंय, त्यामुळे ११ अक्षरं बरोबर घालूनही ‘व्हिडिओ उपलब्ध नाही’ असं येतं. त्या नाटकांच्या मूळ मिनी-डीव्ही कॅसेट गावात एकाच्या कपाटात आहेत, पण कॅमेरा चालत नाही. सिंधुदुर्गात किंवा मुंबईत कोणाकडे चालू मिनी-डीव्ही कॅमेरा आणि फायरवायर पोर्ट (कॅमेऱ्यातलं चित्रण उतरवून घ्यायची जोडणी) असलेला संगणक आहे का? कॅसेट घेऊन आम्ही येऊ, योग्य ते शुल्कही देऊ. कृपया व्यक्तिगत निरोप करा.