मुंबईसमोरचा रुंद भूखंडमंच आणि भूखंडाची खरी कड

दर्यावर्दी (प्रश्न):
सागरतळाचा नकाशा पाहताना एक गोष्ट खटकली. खंबातचे आखात आणि मुंबई यांच्यासमोर उथळ पाण्याचा फिकट निळा पट्टा, म्हणजे भूखंडमंच, सुमारे तीनशे किलोमीटर रुंद दिसतो. तोच दक्षिणेकडे निमुळता होत कोचीसमोर साधारण साठ किलोमीटरांवर येतो. गंगेच्या मुखासमोरचा भाग सोडला, तर पूर्व किनाऱ्यालाही तो अरुंदच आहे. गोदावरी, कृष्णा, कावेरी पूर्वेला गाळ ओतत असताना रुंद मंच पश्चिमेला कसा? आणि भूखंड संपतो कुठे, किनाऱ्यावर की या पट्ट्याच्या टोकाला?

भूस्तर:
दुसरा प्रश्न आधी घेतो. किनारा ही केवळ आजच्या पाणीपातळीची रेघ आहे. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा जवळजवळ १२० मीटर खाली होती, त्यामुळे या मंचाचा बराचसा भाग तेव्हा कोरडी जमीन होता. सौराष्ट्र ते मुंबईच्या पश्चिमेला, सुमारे पन्नास वाव म्हणजे ९० मीटर खोलीवर, एक विस्तीर्ण सपाटी आहे. तिच्यावर चुनखडीचे माशाच्या अंड्यांसारखे गोल कण सापडतात. असे कण लाटांनी सतत ढवळल्या जाणाऱ्या, जेमतेम काही मीटर खोलीच्या उबदार पाण्यातच तयार होतात. आज ते ९० मीटरांवर आहेत, याचा अर्थ उघड आहे.

मंच संपला की खोल समुद्राकडे उतरत जाणारा खंडान्त उतार लागतो आणि भूखंडाची कड म्हणायची ती या उताराच्या पायथ्याशी. पुस्तकांतल्या आकृत्यांत तो उभा कडा भासतो, कारण तिथे उभे प्रमाण फुगवलेले असते. प्रत्यक्षात त्याचा सरासरी कल चारएक अंशांचा असतो. मुंबईसमोरच्या मंचाचा उतार तर किलोमीटरला जेमतेम एक फूट भरेल.

खडकवासी:
रुंदीचे उत्तर गाळाआधी भूखंडाच्या फाटण्यात शोधावे लागते. भारताच्या पश्चिम कडेपासून आधी मादागास्कर सुटले (सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी) आणि दख्खनचा लाव्हा उसळला त्या सुमारास, किंवा त्यानंतर लवकरच, सेशेल्स. या ओढाताणीत खंबात-मुंबई भागाचे कवच ताणून पातळ झाले आणि खचू लागले. त्या खोलगट भागात नर्मदा-तापीचा गाळ साठत गेला. जिथे गाळ पोहोचत नव्हता, तिथे स्वच्छ उथळ पाण्यात चुनखडी साचली. मुंबई हायचे तेल प्रामुख्याने अशाच चुनखडीत आहे. १९७४ मध्ये समुद्रात तेलविहिरी खणणाऱ्या ‘सागर सम्राट’ने ते शोधले, ती जागा किनाऱ्यापासून १६० किलोमीटर दूर असूनही पाणी अवघे ७५ मीटर खोल. रुंद मंचाचा याहून रोकडा फायदा मला तरी ठाऊक नाही.

दर्यावर्दी:
मग पूर्वेचा गाळ जातो कुठे?

भूस्तर:
बराचसा थेट खोल समुद्रात. गंगेच्या मुखासमोर मंचाला चिरत जाणारी एक प्रचंड घळई आहे; तिच्यातून गाळमिश्रित जड पाण्याचे लोंढे तळाकडे सुटतात आणि त्यांनीच बंगालच्या उपसागरात सुमारे तीन हजार किलोमीटर लांबीचा, जगातील सर्वांत मोठा सागरी पंखा, म्हणजे पंख्यासारखा पसरलेला गाळाचा थर, रचला आहे. गोदावरी-कृष्णेच्या त्रिभुज प्रदेशांपुढे मंचच अरुंद, त्यामुळे गाळाला उताराची कड जवळ पडते.

बंदरकाठ:
कायद्यातला भूखंडमंच मात्र वेगळा, हे लक्षात असू द्यावे. १९८२ च्या सागरी कायदा करारानुसार किनारी देशाला २०० सागरी मैलांपर्यंतचा तळ मिळतो, मग प्रत्यक्ष मंच साठ किलोमीटरांचा का असेना. त्यापलीकडे हक्क सांगायचा तर उताराचा पायथा आणि त्यापुढच्या गाळाची जाडी मोजून दाखवावी लागते. भारताने २००९ मध्ये असाच दावा संयुक्त राष्ट्रांच्या आयोगापुढे दाखल केला. ज्या गाळाने पूर्वेला रुंद मंच घडवला नाही, तोच तिथल्या दाव्याचा मुख्य आधार आहे.