पहिली सही झाली, दुसरी राहिली. विश्वास माझा कमी पडतोय की त्याचाच विचार पक्का नाही?

डिचोलीकरीण२८:
नमस्कार सगळ्यांना. मी २८ ची, पणजीला पाट्टोवर एका ऑफिसात काम करते, रोज डिचोलीहून कदंबा बसने येजा. तो ३० चा, क्रूझवर गॅलीत, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात आहे. ६ वर्षं झाली आमच्या नात्याला. मागच्या वेळी तो सुट्टीवर आला तेव्हा रजिस्ट्रार ऑफिसात जाऊन पहिली सही केली (आमच्या गोव्यात लग्नाची नोंद दोन सह्यांनी होते, पहिली लग्न करणार असं सांगायची आणि काही दिवसांनी दुसरी, ती झाली की कायद्याने लग्न), घरी सगळ्यांना वाटलं आता झालंच लग्न, आणि तेवढ्यात त्याला जॉइनिंगचं पत्र आलं नि तो गेला. दुसरी सही राहिली ती राहिलीच.

आता ८ महिने होत आले. गणेश चवथीला पण नव्हता, त्याच्या आईबरोबर गणपतीवरची फळाफुलांची माटोळी मी बांधली. मधे मला रात्री २ ला तो ऑनलाइन दिसायचा आणि माझ्या मेसेजला उत्तर नाही, तेव्हापासून डोक्यात किडा शिरला. मग मी त्याच्याकडे केबिनचे फोटो, चॅटचे स्क्रीनशॉट मागायला लागले, पासवर्ड पण मागितला. त्याने सगळं दिलं, एकदाही नाही म्हणाला नाही. पण खरं सांगते, दोन दिवस बरं वाटतं आणि तिसऱ्या दिवशी परत तेच. आणि आता तो म्हणतो अजून एक कॉन्ट्रॅक्ट करूया, मग दुसरी सही. आई म्हणते देवळात कौल लावूया. मला कळत नाही दोष माझ्या संशयी स्वभावाचा आहे की तो खरंच टाळतोय.

बोटवाल्याची_बायको:
अगो, १४ वर्षं झाली माझ्या लग्नाला, नवरा टँकरवर, मी वास्कोला. रात्री २ चं तू मनावर घेऊ नकोस. बोट पुढे सरकते तशी घड्याळं मागेपुढे होतात, गॅलीवाल्याची ड्युटी कधी संपते ते आपल्याला इथे बसून कळणार नाही, आणि नेट मिळालं की आधी घरचे, मग एजंट, मग मित्र, सगळ्यांचे मेसेज एकदम पडतात. आम्ही एक केलं, बंदर सोडायच्या आधी तो लिहितो की आता अमुक दिवस नेट नाही. बस एवढंच. उशीर झाला तरी चालतो मला, न सांगता गायब झालेलं चालत नाही. असं काही ठरवलंय का तुम्ही दोघांनी?

मन_वाचक:
मी मानसशास्त्र शिकलेय आणि समुपदेशनाचं काम करते म्हणून जरा लांब लिहिते. रेम्पेल, होम्स आणि झॅना या तिघांनी १९८५ मध्ये जवळच्या नात्यातल्या विश्वासाचे तीन पदर मांडले होते. पहिला म्हणजे माणूस कसा वागेल याचा अंदाज येणं, वर ताईंनी सांगितलं ते हेच. दुसरा, तो भरवशाचा आहे असं त्याच्या स्वभावाबद्दल वाटणं. आणि तिसरा, पुढे काय होईल त्याचा पुरावा हातात नसताना सुद्धा मन निर्धास्त असणं. स्क्रीनशॉटने फार तर पहिला पदर भरतो, तोही कालच्या दिवसापुरता. उलट पहारा ठेवला की तो सरळ वागला तरी मन म्हणतं, मी बघत होते म्हणून वागला, म्हणजे त्याचं चांगलं वागणं जमेलाच धरलं जात नाही. म्हणून तुला तिसऱ्या दिवशी परत तेच वाटतं गो, तू वाईट आहेस म्हणून नाही.

मग बघायचं कुठे? जिथे तुझी सोय आणि त्याची सोय एकमेकांच्या आड आली तिथे. ६ वर्षांत असे प्रसंग आले असतीलच, घरातलं आजारपण असेल, पैशाची अडचण असेल. तेव्हा त्याने स्वतःचं काही सोडलं का? विश्वास अशा ठिकाणी कमावला जातो.

आणि वचनाची गोष्ट वेगळी काढ, दोन्ही मिसळू नकोस. कॅरिल रुसबुल्ट नावाच्या संशोधक होत्या, त्यांनी १९८० पासून मांडलं की माणूस नात्यात टिकतो तो तीन गोष्टींमुळे, समाधान किती, दुसरा पर्याय किती चांगला दिसतो आणि आतापर्यंत यात घातलं किती. तिसरी गोष्ट फसवी आहे. ६ वर्षं घातली म्हणून माणूस टिकतो, पण सुखी आहे म्हणून टिकलाय असं नसतं. हे तुलाही लागू आहे आणि त्यालाही.

दर्यावरचा_एक:
मी स्वतः बोटीवर आहे म्हणून त्याच्या बाजूने बोलतो. पासवर्ड देताना मला फार लागलं होतं, १० तास उभं राहून काम करून केबिनमध्ये आलो आणि हिने फोटो मागितला, दिला, पण त्या रात्री झोप नाही आली. तो गप्प देतोय म्हणजे त्याला लागत नाही असं समजू नका.

पण 'अजून एक कॉन्ट्रॅक्ट' हे मला पटलं नाही. बोटीवर सगळे हेच म्हणतात, घराचा स्लॅब झाला की, बहिणीचं लग्न झालं की, आणि तसं म्हणत म्हणत वर्षं जातात. कोणी ठरवून टाळत नाही, दिवस नुसते पुढे सरकतात. दुसरी सही म्हणजे खेळ नाही हेही आहे, आपल्या गोव्याच्या कायद्यात आधी वेगळा करार केला नसेल तर लग्नानंतर मालमत्ता दोघांची निम्मी निम्मी होते, आणि तो करार लग्नाच्या आधीच करावा लागतो, नंतर बदलता येत नाही. कदाचित त्याच्या घरी यावरून काही चाललं असेल आणि तो तुम्हाला सांगत नसेल. सरळ विचारा. आणि पहिल्या सहीचे कागद अजून चालतात की सगळं परत करावं लागेल ते रजिस्ट्रारकडे जाऊन बघा, नाहीतर तो आल्यावर सुट्टी त्यातच जाईल.

मन_वाचक:
वरच्या दादांचं बरोबर आहे. स्कॉट स्टॅन्ली या संशोधकांनी हाच फरक सांगितलाय, नात्यात घसरत पुढे जाणं वेगळं आणि दोघांनी बसून ठरवणं वेगळं. 'एक कॉन्ट्रॅक्ट' हे उत्तर तारखेशिवाय घेऊ नकोस.

डिचोलीकरीण२८:
सगळ्यांचं वाचलं, दोनदा वाचलं. प्रसंग आठवायला बसले तर एक लगेच आठवला, पप्पांचं ऑपरेशन होतं तेव्हा त्याने जॉइनिंग पुढे ढकललं होतं, १५ दिवस माझ्याबरोबर हॉस्पिटलच्या बाकावर झोपला. मी ते विसरूनच गेले होते हो. रडू आलं.

काल त्याला लिहिलं की पासवर्ड बदल, मला नको. आणि खाली लिहिलं की रविवारी बंदरात लागलात की फोन कर, मला दुसऱ्या सहीची तारीख पाहिजे आणि घरी मालमत्तेवरून काही बोलणं झालंय का तेही सांग. आईला म्हटलं कौल नंतर लावूया, आधी त्याला विचारू दे. पासवर्ड त्याने अजून बदललेला नाही, पण मी परत उघडून बघितलं नाही.