परस्परावलंबन आणि दबावाचे राजकारण

व्यापार वाढला की राष्ट्रांमधील वैर आपोआप ओसरते, हे मत मला अपुरे वाटते. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या जागतिक व्यापार संघटनेने बलाढ्य आणि दुर्बल देशांना एकाच नियमावलीखाली आणले, ही खरोखरच मोठी गोष्ट होती. परंतु अमेरिकेने नव्या सदस्यांच्या नेमणुका अडवून धरल्यामुळे या संघटनेचे अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून ठप्प आहे, आणि व्यापारी वादात हरलेला देश केवळ अपील दाखल करून निकालाची अंमलबजावणी टाळू शकतो. याची झळ लहान देशांना अधिक बसते, कारण नियमांखेरीज त्यांच्याकडे दुसरे बळ नसते. शिवाय परस्परावलंबनाचाच दबावासाठी वापर होतो: २०२२ मध्ये रशियाने युरोपचा नैसर्गिक वायूचा पुरवठा घटवला, तर पाश्चात्त्य देशांनी काही रशियन बँकांना ‘स्विफ्ट’ या बँक-व्यवहारांच्या आंतरराष्ट्रीय संदेशव्यवस्थेतून वगळले.